सोसायटीच्या पार्किंगमध्ये विजेची गाडी: पुणेकर सभासदांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे हे गाड्या बनवणारं शहर. पिंपरी-चिंचवड आणि चाकणला गाड्या तयार होतात, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत त्या तपासल्या जातात आणि पीएमपीएमएल या शहर बससेवेच्या विजेच्या बस फेब्रुवारी २०१९ पासून रस्त्यावर धावताहेत. तरी घरच्या गाडीचं गाडं अडतं ते सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कारण ती वायर मीटर रूममधून, दुसऱ्याच्या पार्किंगवरून, सगळ्यांच्या भिंतीवरून जाते. नवं तंत्रज्ञान इथे सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर येतं. खालची उत्तरं सभासद, सेक्रेटरी आणि वायरमन या तिघांनाही उपयोगी पडावीत अशी लिहिली आहेत. आमचं एकच ठाम म्हणणं आहे: प्रत्येकाने आपापली वायर ओढण्यापेक्षा सोसायटीने एकदाच सामाईक फीडर, म्हणजे सगळ्यांसाठी एकच मोठी केबल, टाकावा. तो का, हे पुढे येईलच.

घरच्या वापराला किती मोठा चार्जर लागतो?

लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच लहान. मध्यम आकाराची चारचाकी सॉकेटमधून घेतलेल्या एका युनिटवर शहरात साधारण साडेसहा ते सात किलोमीटर जाते, चार्जिंगमधली सुमारे १० टक्के गळती धरून. कोथरूडहून हिंजवडीला जाऊन येणं, वाटेत एखादं काम, असे रोजचे ३५-४० किलोमीटर धरले तर रात्री ६ युनिट भरावी लागतात. ३.३ किलोवॉटच्या चार्जरवर, म्हणजे १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर, हे काम दोन तासांच्या आत होतं. ३० युनिटची बॅटरी शून्यापासून पूर्ण भरायला १० तास लागतात हे खरं, पण रोज शून्यावर घरी कोण येतं?

७.४ किलोवॉटचा चार्जर ३२ अँपिअर ओढतो. रोजचं धावणं १०० किलोमीटरच्या पुढे असेल, किंवा एकाच पॉइंटवर दोन-तीन गाड्या आळीपाळीने लागणार असतील तरच तो घ्या. दुचाकीचा चार्जर तर बहुतेकदा पाऊण किलोवॉटच्या आसपास असतो आणि तीन युनिटची बॅटरी चार-पाच तासांत भरतो.

मग घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवरच लावली तर काय बिघडतं?

गीझर त्याच सॉकेटवर चालतो, पण पंधरा-वीस मिनिटं. गाडी तिथून पूर्ण क्षमतेने रोज सलग दोन तास, आणि बॅटरी बरीच उतरली असेल तर आठ-आठ तास वीज ओढते, आणि सर्वात जास्त तक्रारी इथूनच सुरू होतात. सॉकेटच्या मागचा स्क्रू थोडा ढिला असला किंवा पितळी पट्टीची पकड गेली असली, की तिथे रोध तयार होतो. तो फक्त ०.१ ओहम धरा. १५ अँपिअरला तिथे साडेबावीस वॉट उष्णता एका अंगठ्याएवढ्या जागेत साठते. आधी प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, मग पिनेभोवतीचं भोक सैल होतं. त्यामुळे पकड आणखी जाते आणि उष्णता वाढत राहते. एमसीबी (करंट जास्त झाला की पडणारा स्विच) यातलं काहीच पकडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो.

तपासायची रीत सोपी आहे. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासाने प्लगच्या प्लास्टिकवर तळहाताची मागची बाजू टेकवा. कोमट चालेल. हात काढून घ्यावासा वाटला तर चार्जिंग थांबवा आणि सॉकेट बदला, फक्त स्क्रू आवळून भागवू नका. पार्किंगसाठी निळा, झाकणाचा, तीन पिनांचा इंडस्ट्रियल सॉकेट लावावा. किमतीतला फरक किरकोळ आहे आणि पकड वर्षानुवर्षं टिकते.

एक्स्टेंशन बोर्ड मात्र अजिबात नको. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत गाडीच्या चार्जिंगला एक्स्टेंशन कॉर्ड आणि अ‍ॅडॅप्टर वापरायला मनाई आहे. त्याच नियमांप्रमाणे सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवा आणि उभ्या गाडीचं चार्जिंगचं तोंड पॉइंटपासून पाच मीटरच्या आत यायला हवं.

एका पॉइंटला नेमकं काय काय बसवायचं?

३.३ किलोवॉटसाठी: स्वतंत्र सर्किट, २० अँपिअरचा सी-कर्व्ह (सुरुवातीच्या क्षणिक झटक्याला न पडणारा) एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच), ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, स्वतंत्र अर्थ वायर आणि वर सांगितलेला सॉकेट. ७.४ किलोवॉटसाठी ४० अँपिअरचा एमसीबी आणि किमान ६ चौरस मिलिमीटर तांबं. पेटी उघड्या जागी असेल तर आयपी ६५ (धूळ आणि पाण्याचे फवारे आत न शिरू देणाऱ्या) दर्जाची घ्या. आरसीसीबी ‘टाइप ए’ मागून घ्या. दुकानात न सांगता मिळतो तो बहुतेकदा ‘टाइप एसी’ असतो. गाडीच्या चार्जरमधून डीसी करंट गळू शकतो आणि त्याने टाइप एसीची यंत्रणा दबून जाते, मग खरा शॉक बसताना तो पडतच नाही. भिंतीवरच्या चांगल्या चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअर डीसी गळती ओळखण्याची सोय आत असते. ती नसेल तर टाइप बी लागतो, आणि तो महाग आहे.

वायरची जाडी लांबीवर ठरते. मीटर रूम एका टोकाला आणि तुमची जागा ६० मीटर लांब असेल तर २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये १५ अँपिअरला सुमारे साडेबारा व्होल्ट वाटेतच जातात आणि वायर १९० वॉट नुसती तापण्यात घालवते. ४ चौरस मिलिमीटरला हीच घट आठ व्होल्टच्या आत येते. संध्याकाळी आधीच व्होल्टेज खाली असतं, त्यातून आणखी साडेबारा गेले की काही गाड्या चार्जिंग मध्येच थांबवतात आणि मालक गाडीला दोष देत बसतो.

चार्जर लाल दिवा दाखवतो, “अर्थ फॉल्ट” म्हणतो. गाडी खराब आहे का?

बहुतेक वेळा गाडी ठीक असते, अर्थिंग खराब असतं. मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजा. ते दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. दहा-पंधरा दिसलं तर अर्थिंग तुटलंय, न्यूट्रल सैल आहे किंवा एका फेजवर भार फार झालाय.

पुण्यात यात एक जास्तीची अडचण आहे. वरचा थर मुरमाचा आणि खाली काळा बेसाल्ट. बाणेर, बावधन, वारजे अशा टेकडीकडेच्या भागात चार-पाच फुटांवर पहार टणकन लागते. रॉड पुरेसा खोल जात नाही, आणि कोरडा मुरूम वीज नीट वाहून नेत नाही. उपाय असे: एकाऐवजी दोन किंवा तीन रॉड, एकमेकांपासून किमान तीन मीटरवर, आणि सगळे जाड पट्टीने जोडलेले. खड्ड्यात बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी माती) मिश्रण, आणि वर पाणी घालायला झाकणाचा खड्डा. ५ ओहमच्या आत आकडा आला पाहिजे. आणि ही मोजणी मे महिन्यात करा. ऑगस्टमध्ये भिजलेल्या जमिनीत कुठलंही अर्थिंग पास होतं, आणि ठेकेदाराचा अहवाल बहुधा तेव्हाचाच असतो.

पावसाळ्यात आरसीसीबी सारखा पडतो. काढून टाकला तर?

काढू नका. तो पडतोय म्हणजे कुठेतरी ओल शिरली आहे आणि तो आपलं काम करतोय. आधी गाडी न लावता आरसीसीबी चालू ठेवून पाहा. तरी पडला तर दोष वायरिंगमध्ये, बहुतेकदा कंड्युटमध्ये (वायरच्या नळीत) साठलेल्या पाण्यात किंवा दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल यात जोडला गेल्यामुळे. गाडी लावल्यावरच पडत असेल तर गनचं, म्हणजे गाडीत खुपसायच्या प्लगचं, तोंड पाहा, ते खाली वळवून टोपण लावून ठेवायचं असतं.

बेसमेंट आणि नदीकाठच्या सोसायट्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून विसर्ग वाढला तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पार्किंग पाण्यात गेलं, आणि डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत तिघांचा विजेच्या धक्क्याने जीव गेला. अशा इमारतींत चार्जिंगचा मुख्य स्विच पाणी न पोचणाऱ्या मजल्यावर हवा आणि तो बंद करायची जबाबदारी रात्रपाळीच्या वॉचमनला लेखी दिलेली हवी. पाण्यात बुडालेली गाडी सर्व्हिस सेंटरने तपासेपर्यंत चार्जिंगला लावायची नाही, वरून कितीही सुकलेली दिसली तरी.

वीज कुठल्या मीटरवरून घ्यायची?

तीन मार्ग आहेत.

पहिला, आपल्या फ्लॅटच्या मीटरवरून. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या जोडणीवरून गाडी चार्ज करता येते. मंजूर भार मात्र वाढवून घ्यावा लागतो, कारण फ्लॅटला अनेकदा ३ ते ५ किलोवॉटच मंजूर असतात. महिन्याला १,००० किलोमीटर म्हणजे सुमारे १५० युनिट वाढतात. महावितरणच्या घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात. घरचा वापर १८० युनिट असेल तर बेरीज ३३० होते, आणि वरची ३० युनिटच महागड्या टप्प्यात जातात. सगळं बिल वरच्या दराने येतं हा समज चुकीचा आहे. पण आधीच एसी असलेल्या घरात उन्हाळ्यात हा मार्ग महाग पडतो.

दुसरा, स्वतंत्र ईव्ही जोडणी. विजेच्या गाड्यांच्या चार्जिंगसाठी वेगळी दरश्रेणी आहे, तिला घरगुतीसारखे टप्पे नाहीत. २०२४ च्या ग्राहक हक्क दुरुस्ती नियमांप्रमाणे मागणी केल्यास वितरण कंपनीने अशी जोडणी द्यायची आहे. नव्या जोडणीची मुदत महानगरात ३ दिवस, इतर पालिका क्षेत्रात ७ दिवस. जिथे वाहिनी किंवा डीपीची (परिसराच्या ट्रान्सफॉर्मरची) क्षमता वाढवावी लागते तिथे वेळ जास्त जातो. अर्जासोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, हे विसरल्याने अर्ज परत येतात.

तिसरा, सोसायटीच्या नावावर एकच ईव्ही जोडणी आणि प्रत्येक पॉइंटला सबमीटर. आमची पसंती याला.

लिफ्ट आणि पंपाच्या कॉमन मीटरवरून “तात्पुरतं” घेणं हा चौथा मार्ग बऱ्याच ठिकाणी चालू असतो. तो बंद करा. हिशेब राहत नाही आणि भांडण ठरलेलं.

सोसायटीने सभासदांकडून विजेचे पैसे घेतले तर ती वीजविक्री ठरत नाही का?

नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच स्पष्ट केलं की गाडी चार्ज करून देणं ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, त्यासाठी परवाना लागत नाही. जोडणीचा प्रत्यक्ष दर, अधिक स्थिर आकाराचा वाटा, अधिक युनिटमागे थोडा देखभाल आकार असा दर सभेत ठरवून घ्यावा आणि बिलाच्या प्रतीसह फलकावर लावावा.

सगळ्यांनी गाड्या घेतल्या तर डीपी उडेल, असं इलेक्ट्रिशियन म्हणतो. खरं आहे?

त्याची भीती अर्धी खरी आहे. उरलेली अर्धी बेरीज नीट केली की जाते, आणि बहुतेक सभा याच मुद्द्यावर फिसकटतात, म्हणून जरा सविस्तर.

समजा २० गाड्या आहेत आणि प्रत्येकाने ७.४ किलोवॉटचा चार्जर बसवला. संध्याकाळी साडेसातला सगळे परत आले, सगळ्यांनी एकदम लावल्या, तर भार १४८ किलोवॉट. त्याच वेळी घराघरांत दिवे, टीव्ही, एसी, मिक्सर चालू, लिफ्ट आणि पंप चालू. ३१५ केव्हीएचा डीपी इथे खरोखर घामाघूम होतो.

आता तीच गोष्ट युनिटमध्ये मोजा. २० गाड्यांना रोज प्रत्येकी ६ म्हणजे १२० युनिट लागतात. रात्री ११ ते सकाळी ६ या सात तासांत ती वाटली तर सरासरी भार येतो १७ किलोवॉट. गाड्या त्याच, भार जवळपास नवव्या हिश्श्यावर. गच्चीवरची टाकी रात्री सावकाश भरून सकाळी सगळ्यांना पाणी मिळतं, तसंच हे.

हे साधायला दोन गोष्टी लागतात. एक, पॉइंट ३.३ किलोवॉटचे ठेवणं. दोन, भार वाटून देणारी यंत्रणा. साधी हवी असेल तर टायमर आणि कॉन्टॅक्टर (विजेच्या इशाऱ्यावर चालणारा मोठा स्विच) लावून निम्मे पॉइंट ११ ते २:३०, निम्मे २:३० ते ६ चालवा. चांगली हवी असेल तर ओसीपीपी ही खुली संवादपद्धत पाळणारे चार्जर घ्या, ते एका मध्यवर्ती यंत्रणेशी बोलतात आणि ती ठरलेल्या मर्यादेत वीज वाटून देते. कुठल्याही एका कंपनीच्या बंद अ‍ॅपवर अवलंबून असलेले चार्जर घेऊ नका. कंपनीने गाशा गुंडाळला की बोर्डावर नुसते डबे उरतात.

पॉइंट तिन्ही फेजवर सारखे वाटा: पहिला आर, दुसरा वाय, तिसरा बी. सगळे सोयीच्या एकाच फेजवर घेतले की त्या फेजवरच्या फ्लॅटमध्ये व्होल्टेज पडतं आणि दोष गाड्यांवर येतो.

डीझेल जनरेटरवर गाड्या चार्ज करायच्या नाहीत. जनरेटर सुरू होताच ईव्ही बोर्ड आपोआप तुटेल असा कॉन्टॅक्टर घाला.

सामाईक फीडर म्हणजे प्रत्यक्षात काय?

मीटर रूमपासून पार्किंगच्या प्रत्येक रांगेपर्यंत एक थ्री-फेज आर्मर्ड (धातूच्या कवचाची) केबल आणि रांगेच्या टोकाला वितरण पेटी. ६३ अँपिअरचा फीडर घेतला, साडेतीन कोअर ३५ चौरस मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियमची केबल टाकली, तर तो सुमारे ४३ किलोवॉट देतो. एकाच वेळी ३.३ चे बारा पॉइंट, प्रत्येक फेजवर चार. सात तासांत सुमारे २७५ युनिट, म्हणजे रोज ६ युनिटवाल्या ४५ गाड्या. आज पाच गाड्या असतील तर पाचच पॉइंट काढा, पेटीत जागा ठेवा. अ‍ॅल्युमिनियम केबल तांब्याच्या पट्टीला जोडताना बायमेटल लग्ज (दोन वेगळे धातू जोडणारी टोकं) वापरलेत का, हे स्वतः उभं राहून पाहा. वर्षा-दोन वर्षांनी जळणारे सांधे बहुतेक इथलेच असतात.

वैयक्तिक वायरींचं काय होतं? बाराव्या सभासदापर्यंत मीटर रूमच्या भिंतीवर बारा कंड्युट, कुठली कोणाची कळत नाही, फायरच्या पाइपला बांधलेल्या. शिवाय पुण्यात अनेक सोसायट्या दरवर्षी चिठ्ठ्या टाकून पार्किंग बदलतात. वायर राहते जुन्या जागी, गाडी जाते नव्या.

समिती सरसकट नाही म्हणू शकते का?

आमच्या मते असा नकार टिकण्यासारखा नाही. सुरक्षेच्या अटी घालणं हा समितीचा हक्क आहे आणि कर्तव्यही: परवानाधारक ठेकेदार, ठरलेला मार्ग, आरसीसीबी, अर्थिंगचा अहवाल. नकार द्यायचाच तर कारणांसह लेखी द्यावा. सभासदानेही तोंडी न विचारता गाडीचा तपशील, भार, वायरचा नकाशा आणि ठेकेदाराचा परवाना जोडून अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. उत्तर आलंच नाही तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते.

“जागा माझी, मी काय वाटेल ते करीन” हेही चालत नाही. स्टिल्ट पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं स्वतंत्र विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१० मध्ये म्हटलं आहे. ती सामाईक जागा आहे. भाडेकरूंनी अर्ज मालकामार्फत करावा.

माझ्याकडे पेट्रोलची गाडी आहे. मी फीडरचे पैसे का द्यायचे?

हा रास्त प्रश्न आहे, त्याला हसण्यावारी नेऊ नये. आम्ही सुचवतो ती विभागणी अशी: फीडर, पेट्या आणि अर्थिंग हे इमारतीचं काम, ते सोसायटीच्या निधीतून. पॉइंट, सबमीटर आणि चार्जर वापरणाऱ्याच्या खिशातून. फीडरवर जो जोडला जाईल त्याने एकरकमी जोडणी शुल्क भरायचं आणि ते निधीत परत जमा व्हायचं, फीडरचा खर्च वसूल होईपर्यंत. शेवटी येणाऱ्यालाही तेवढंच शुल्क, नाहीतर पहिले पाच जण भुर्दंड सोसतात. नव्या इमारतींसाठी केंद्राच्या आदर्श उपविधींत २०१९ मध्येच २० टक्के पार्किंगला चार्जिंगची तरतूद सुचवलेली आहे, त्यामुळे घर विकताना खरेदीदार हे विचारणारच.

बॅटरीला आग लागण्याची भीती खरी आहे का?

शक्यता कमी, पण लागली तर विझवायला अवघड. पेशींच्या आतच उष्णता आणि ज्वलनशील वायू तयार होत राहतात, त्यामुळे पावडरच्या सिलिंडरने ज्वाळा दबते आणि थोड्या वेळाने पुन्हा भडकते. भरपूर पाणी मारून थंड करणं हाच उपाय, आणि ते अग्निशमन दलाचं काम. आपण मुख्य स्विच पाडायचा, माणसं लांब न्यायची, १०१ ला फोन करून “विजेची गाडी आहे” हे स्पष्ट सांगायचं.

२०२२ मधल्या दुचाकींच्या आगींनंतर बॅटरीचे नियम कडक झाले. दुचाकींना सुधारित एआयएस १५६ या बॅटरी-सुरक्षा मानकाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ पासून आणि दुसरा मार्च २०२३ अखेरपासून लागू आहे. त्यानंतरची गाडी घेणं शहाणपणाचं. खरा धोका बाजारातून जोडून घेतलेल्या स्वस्त बॅटऱ्या आणि दुसऱ्याच गाडीचे चार्जर यांचा. काढता येणारी बॅटरी वर नेत असाल तर ती जिन्यात किंवा घराच्या दाराशी चार्ज करू नका, पेट घेतला तर बाहेर पडायची वाटच बंद होते. गाडी चालवून आल्यावर अर्धा तास थंड होऊ द्या, मग लावा.

गच्चीवरच्या सोलरवर भागेल का?

पुण्यात १ किलोवॉटचं पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिट देतं, जुलै-ऑगस्टमध्ये बरंच कमी. १० किलोवॉटमधून ४० युनिट, म्हणजे सहा-सात गाड्यांचं रोजचं धावणं. पीएम सूर्यघर योजनेत गृहसंकुलांच्या सामाईक सोयींसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे आणि त्यात गाड्यांचं चार्जिंग धरलेलं आहे. गाडी दिवसा ऑफिसात आणि ऊन दिवसाच, म्हणून नेट मीटरिंगशिवाय (दिवसा ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होण्याची सोय) हा हिशेब जुळत नाही.

वीज कोळशाचीच, मग प्रदूषण कमी कुठे झालं?

ग्रिडमधल्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. १,००० किलोमीटरला १५० युनिट, म्हणजे १०५ किलो. लिटरला १६ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी त्याच अंतराला सुमारे १४४ किलो सोडते. फरक आहे, पण जाहिरातीतल्या “शून्य”इतका नाही, आणि बॅटरी बनवतानाचं प्रदूषण यात धरलेलं नाही. पीएमपीएमएलने जाणं यापेक्षा केव्हाही चांगलं. सिग्नलवर नाकात जाणारा धूर मात्र खरोखर कमी होतो.

मुलांकडे चार-सहा महिने परदेशी जातोय. गाडी कशी ठेवू?

बॅटरी ४० ते ६० टक्क्यांवर आणून ठेवा. शंभर टक्के भरून ठेवली तर ती लवकर म्हातारी होते, दहा टक्क्यांवर ठेवली तर हळूहळू उतरून खाली बसते. प्लग काढा, पॉइंटचा एमसीबी पाडा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचं ऋण टोक सोडून ठेवा, कारण लांब उभ्या गाडीत आधी तीच मरते आणि मग दारंही उघडत नाहीत. टायरमध्ये हवा थोडी जास्त भरा. चावी शेजाऱ्यांकडे द्या आणि महिन्यातून एकदा, छोट्या बॅटरीचं टोक सोडलं असेल तर ते जोडून, टक्के पाहायला सांगा. २० च्या खाली गेले तर तासभर चार्जिंग. सबमीटरचा आकडा जाताना फोटो काढून सेक्रेटरींना पाठवा.